तिसरीचे पुस्तक आणि चार महिन्यांची शाळा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विदर्भ वगळता राज्यातील शाळा येत्या १५ जून २०२२ पासून भरणार आहेत आणि कोविडमुळे पडलेल्या दोन वर्षांच्या खंडानंतर प्रथमच शैक्षणिक वर्ष वेळेवर, वर्गात बसून सुरू होत आहे. प्रवेशोत्सव, पाठ्यपुस्तकांचे वाटप, गणवेश यांविषयीच्या बातम्या आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर रोज येत आहेत. त्या उत्साहावर विरजण घालण्याचा माझा हेतू नाही. परंतु जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये सारी नोकरी घालवलेला, परिसरातील शाळांच्या गटावर देखरेख करणारा एक निवृत्त केंद्रप्रमुख म्हणून, या वर्षी तिसरीत बसणाऱ्या मुलांचा हिशेब वाचकांपुढे आणि शिक्षण विभागापुढे मांडणे मला आवश्यक वाटते.

ही मुले जून २०२० मध्ये पहिलीत दाखल झाली. त्या संपूर्ण वर्षात पहिली ते चौथीचे वर्ग भरलेच नाहीत. ती दुसरीत गेली. ग्रामीण भागातील प्राथमिक वर्ग १ डिसेंबर २०२१ पासून उघडले, जानेवारीत तिसऱ्या लाटेमुळे पुन्हा बंद झाले, २४ जानेवारीपासून टप्प्याटप्प्याने सुरू झाले आणि २ मेपासून उन्हाळी सुट्टी लागली. पहिली आणि दुसरी अशी दोन वर्षे मिळून या मुलांना प्रत्यक्ष शाळा लाभली ती जेमतेम चार महिने. आता त्यांच्या हाती तिसरीची पुस्तके पडतील. तिसरीत परिसर अभ्यास हा नवा विषय येतो आणि आपल्या जिल्ह्यातील नद्या, पिके, गावे यांची माहिती मुलाने वाचून समजून घ्यावी, अशी त्यात अपेक्षा असते. गणितात गुणाकार पुढे सरकतो. वाचायला शिकवणे हे तिसरीच्या शिक्षकाचे काम मानलेले नाही. मुलाला वाचता येते असे धरूनच तिसरीचे पुस्तक लिहिलेले आहे.

हा हिशेबही गावात राहिलेल्या मुलाचा झाला. धडगाव, अक्कलकुवा, शहादा, नवापूर, साक्री या तालुक्यांतील आणि आमच्या चोपड्याच्या उत्तरेकडील पाड्यांवरील जी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत बारडोलीकडे किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात, त्यांच्या मुलांच्या वाट्याला हे चार महिनेही आलेले नाहीत. गेल्या वर्षी दिवाळी ४ नोव्हेंबरला होती. डिसेंबरात शाळेचे कुलूप उघडले तेव्हा ही मुले फडावर पोहोचलेली होती. होळीला काही कुटुंबे चार दिवस घरी आली आणि पुन्हा गेली. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सारा मुलूख घरी परततो, शेतावर सालाने राबणाऱ्या सालदारांचे सालही त्याच दिवशी बदलते. पण यंदा आखाजी ३ मे रोजी आली आणि शाळेला सुट्टी लागली होती २ मे रोजी. पटावर नाव आहे, वर्गोन्नती मिळालेली आहे, निकालपत्रक तयार आहे आणि मुलाने वर्गात पाऊलही टाकलेले नाही, अशी ही अवस्था आहे. यात शिक्षकांनी लबाडी केली असे मला अजिबात म्हणायचे नाही. नियमाप्रमाणे जे करायचे तेच त्यांनी केले.

मधल्या काळात जे दूरस्थ शिक्षण झाले त्याचे मूल्यमापन करताना न्यायाने बोलले पाहिजे. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने रोजची अभ्यासमाला येत होती, दीक्षा ॲपवर धडे होते, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागत असे आणि व्हॉट्सॲपवर स्वाध्याय येत असत. ज्या घरात फोन, टीव्ही आणि मुलाजवळ बसायला सवड असलेले एखादे मोठे माणूस होते, तेथे याचा उपयोग निश्चित झाला. ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो बापाबरोबर केळीच्या गाडीवर किंवा जिनिंगमध्ये जातो, तेथे शिक्षण रात्री आठनंतर, रिचार्ज शिल्लक असला तरच, थोरल्या भावाचे झाल्यावर व्हायचे. सातपुड्यात तर टेकडीचा माथा गाठल्याशिवाय रेंज मिळत नाही, अशी गावे आजही आहेत. असंख्य शिक्षकांनी ओट्यावर, पारावर, खळ्यात मुले गोळा करून शिकवले. तेही चेकपोस्टची आणि सर्वेक्षणाची ड्युटी सांभाळून. त्यांचे ऋण मान्य करूनही एक गोष्ट मान्य करावी लागते, की दूरस्थ शिक्षणाने ज्यांच्याकडे आधीच काही होते त्यांनाच आणखी काही दिले.

गेल्या वर्षी १ जुलैपासून राबवलेल्या ४५ दिवसांच्या सेतू अभ्यासक्रमाचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. मागील इयत्तेतील राहून गेलेले आधी भरून काढावे आणि मग पुढे जावे, ही त्यामागील कल्पना उत्तम होती. पण त्या वेळी प्राथमिक शाळा बंद होत्या. त्यामुळे मागे पडलेल्या मुलांसाठी आखलेला हा अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी मोबाइलवरूनच पाठवावा लागला, आणि ज्या साधनाच्या अभावी मूल मागे पडले होते त्याच साधनावर त्याने पुढे यावे, असा प्रकार झाला. यंदाही सेतू होईल असे दिसते. या वेळी तो वर्गात होणार आहे, हे चांगलेच. मात्र दोन वर्षांचे शिक्षण काही आठवड्यांत भरून निघेल आणि त्यानंतर गाडी नेहमीच्या रुळावर येईल, असे गृहीत धरले तर तो वरवरचाच ठरेल.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ मध्ये यावर एक मार्ग आहे. जे मूल कधी शाळेत गेलेच नाही किंवा ज्याची शाळा सुटली, त्याला वयानुरूप वर्गात दाखल करून इतरांच्या बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे, असे हे कलम सांगते. केंद्राच्या आदर्श नियमांनी त्याचा काळ किमान तीन महिने आणि कमाल दोन वर्षे ठेवला आहे. वयाची चौदा वर्षे उलटली तरी अशा मुलाचे आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत पूर्ण करण्याचा हक्क त्याच कलमात आहे. अडचण अशी की आपली मुले पटावर आहेत. आपल्याकडे सलग एक महिना गैरहजर राहिलेल्या मुलाला शाळाबाह्य धरतात. या व्याख्येने पाहिले तर दोन वर्षे सारा महाराष्ट्रच शाळाबाह्य होता. पण शाळाच बंद असल्याने कोणीही गैरहजर ठरले नाही आणि म्हणून कलम ४ चा लाभही कोणाला मिळणार नाही. हा कागदाचा गुंता शासनाला एका आदेशाने सोडवता येण्याजोगा आहे.

दिव्यांग मुलांच्या बाबतीत या दोन वर्षांचा अर्थ आणखी वेगळा आहे आणि त्याविषयी फारच कमी बोलले जाते. पायाला लावायचे कॅलिपर सात वर्षांच्या मुलाच्या मापाने बनवलेले असते. नऊ वर्षांच्या पायाला ते चढत नाही. श्रवणयंत्राचा कानात बसणारा साचा, मूल वाढले की सैल होतो, यंत्र शिट्टी मारू लागते आणि मूल ते काढून खिशात ठेवते किंवा आई डब्यात ठेवून देते. मापे घेण्याची आणि तपासणीची शिबिरे या काळात थांबली होती, जिल्हा रुग्णालये कोविडच्या कामात बुडाली होती, आणि विशेष शिक्षकांच्या घरभेटी कित्येक महिने फोनवरच झाल्या. ज्या मुलाचे हातपाय नियमित व्यायामाने मोकळे राहतात, त्याचा व्यायाम फोनवर कसा घ्यायचा? गेल्या हिवाळ्यात शाळा उघडल्या तेव्हा शिक्षकांच्या तोंडाला मास्क होते. ओठांची हालचाल पाहून समजून घेणाऱ्या मुलाला त्या चार महिन्यांतही अर्धेच मिळाले. मतिमंदत्व किंवा स्वमग्नता असलेल्या मुलांना रोजचा ठरलेला क्रम हाच मोठा आधार असतो. प्रार्थना, हजेरी, खिचडी, घंटा हा क्रम दोन वर्षे तुटला. तो पुन्हा बसवायला वेळ लागेल, आणि त्या वेळात मूल रडेल, ओरडेल, वर्गातून पळून जाईल. अशा मुलाला ‘शाळेत बसण्याच्या लायकीचे नाही’ म्हणून जूनमध्येच घरी धाडले जाऊ नये, इतकी काळजी तरी मुख्याध्यापकांनी घ्यावी.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले आणि लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. अशा मुलांचा शोध घेण्यासाठी दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचे सर्वेक्षण करावे, असेही तो कायदा सांगतो. या एकवीस प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, आणि तिची ओळख या वर्षी सर्वांत अवघड होणार आहे. एरवी वर्गात तीस मुले वाचू लागली आणि एक अडखळत राहिले, तर अनुभवी शिक्षकाच्या ते लक्षात येते. यंदा तीसच्या तीस मुले अडखळणार आहेत. ज्याला खरोखर वेगळ्या मदतीची गरज आहे ते मूल त्या गर्दीत दिसणारच नाही. उलट बाजूने, केवळ शाळा मिळाली नाही म्हणून अक्षरे न ओळखणाऱ्या, विशेषतः आदिवासी पाड्यावरील अबोल मुलावर ‘मंद’ असा शिक्का बसण्याचा धोका तेवढाच आहे. म्हणून पहिल्या सहामाहीत कोणत्याही मुलाविषयी असा शेरा कागदावर येऊ नये आणि तपासणी तज्ज्ञांकडून, मुलाच्या घरच्या भाषेत व्हावी, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते.

घरच्या भाषेचा उल्लेख मी मुद्दाम केला. खान्देशात शहरातील आणि तापीकाठच्या गावांतील मूल अहिराणी किंवा लेवा बोली बोलते. ते मराठीच्या पुष्कळ जवळ आहे. सातपुड्यातील मूल पावरी किंवा भिली बोलते, नवापूरकडील मावची बोलते, साक्रीच्या डोंगरपट्ट्यातील कोकणी बोलते. यांच्या कानावर पुस्तकातील मराठी पडते ती बहुतांशी शाळेतच. पहिलीतले पावरा मूल साधारण दिवाळीपर्यंत केवळ ऐकत असते आणि नंतर हळूहळू उत्तरे देऊ लागते, असे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. दोन वर्षे ही संधीच नव्हती. तेव्हा अशा तिसरीतील मुलाला मराठी वाचता येत नाही एवढेच नव्हे, तर शिक्षक बोलतात ते समजतही नाही. शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावी, असे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये लिहिलेले आहे. पाड्यावरील बारावी झालेली एखादी मुलगी, अंगणवाडीतील मदतनीस किंवा शाळा व्यवस्थापन समितीतील एखादा पालक मानधनावर वर्षभर वर्गात बसला, तरी पुष्कळ काम होईल. शिक्षकाने मुलांकडून त्यांच्या भाषेतील शंभरभर शब्द शिकून घेतले तर आणखी बरे. आमच्या पिढीतील काही गुरुजींनी ते केले होते, आणि त्यासाठी त्यांना कोणाचे परिपत्रक लागले नव्हते.

मोठ्या मुलामुलींविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यांचा प्रश्न स्वतंत्र पत्राचा आहे. सातवी-आठवीतील कित्येक मुले या काळात कापूस वेचणीला, केळीच्या कापणीला, सुरतेच्या मार्केटमध्ये लागली. रोजची मजुरी घरात येऊ लागली की शाळेचा दप्तर-वहीचा विषय मागे पडतो. मुलींची लग्ने उरकली गेली. गेल्या हिवाळ्यात माध्यमिक शाळा सुरू होत्या तेव्हा एसटीचा संप होता, तो नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत चालला. मुलींच्या हाती मोफत पास होता आणि बस नव्हती. काळीपिवळीचे भाडे परवडणाऱ्यांनीच शाळा गाठली. आता बस सुरू झाल्या आहेत, तेव्हा आगाराने शाळेच्या वेळेच्या फेऱ्या आधी सुरू कराव्यात. एका पालकाने मला म्हटले, “आते तुमीच दखा, गुरुजी” (आता तुम्हीच बघा), आणि त्याचा रोख मुलीला शाळेत परत पाठवण्याकडे होता. पण आठ किलोमीटर तिला चालत पाठवायला तो तयार नव्हता, आणि त्याला दोष कसा द्यायचा? खासगी शाळेची फी थकली म्हणून दाखला अडकलेल्या मुलांच्या बाबतीत मात्र कायदा स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार दाखल्याला उशीर झाला या कारणाने आठवीपर्यंतच्या कोणत्याही मुलाचा प्रवेश रोखता येत नाही. मुख्याध्यापकांनी निर्धास्तपणे प्रवेश द्यावा.

ज्यांनी या दोन वर्षांत आई किंवा वडील गमावले, अशी मुलेही १५ जूनला वर्गात असतील. २०२० च्या उन्हाळ्यात कोविडमुळे जळगाव जिल्ह्याने काय भोगले, ते वाचक विसरलेले नाहीत. या मुलांसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज भरून देणे हे काम शाळेने आपले मानावे. आणि पहिल्याच दिवशी ‘सुट्टीत काय केले’ हा निबंध कृपया देऊ नये.

आता मागणीचे. पैशाची मागणी मी अखेरीस करीन. आधी हवा आहे तो वेळ, आणि तोही लेखी. दिवाळीपर्यंत दुसरी ते पाचवीच्या मुलांना रोजचे पहिले दोन तास इयत्तेप्रमाणे न बसवता, ज्याला जे येते त्याप्रमाणे गटात बसवावे: अक्षरे ओळखणारे एकत्र, शब्द वाचणारे एकत्र, उतारा वाचणारे एकत्र. द्विशिक्षकी शाळेतील शिक्षकांना हे नवे नाही, ते नाइलाजाने वर्षानुवर्षे दोन-तीन इयत्ता एकत्र शिकवीत आले आहेत. त्यांना अडवते ती दुसरी गोष्ट. विस्तार अधिकारी भेटीला आले की पहिला प्रश्न ‘अभ्यासक्रम कुठपर्यंत आला?’ हा असतो आणि मग टाचणवही तपासली जाते. मुलाला काय येते आणि जूनपासून त्यात काय फरक पडला, हे विचारले गेले पाहिजे. शिक्षणाधिकाऱ्यांनी जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत तसे पत्र काढल्याशिवाय कोणताही शिक्षक तिसरीचे पुस्तक मिटून ठेवण्याचे धाडस करणार नाही, आणि ते त्याच्याकडून अपेक्षितही धरू नये. त्याच पत्रात, दिवाळीपर्यंत ऑनलाइन माहिती भरण्याचे काम शाळेच्या वेळेत सांगितले जाणार नाही, असे एक वाक्य आले तर शिक्षक दुवा देतील. पोर्टलवर माहिती भरण्यातच त्यांचा अर्धा दिवस जातो, ही तक्रार गावोगावी ऐकू येते आणि ती खोटी नाही.

विशेष शिक्षकांची संख्या अपुरी आहे, त्यांपैकी बहुतेक कंत्राटी आहेत आणि प्रत्येकाकडे अनेक शाळा आहेत. ती संख्या एका महिन्यात वाढणार नाही हे मला कळते. निदान प्रत्येक शाळेसाठी त्यांचा वार ठरलेला असावा आणि तो पालकांना माहीत असावा. जुलैमध्ये तालुक्याच्या गावी मापांचे शिबिर व्हावे. त्यात नवी साधने देण्याआधी जुनी साधने मुलाला बसतात का, एवढे पाहिले जावे. ज्यांना मदतनीस किंवा प्रवास भत्ता देय आहे त्यांना तो शाळा सुरू होताना मिळावा. मार्चमध्ये मिळालेला भत्ता मुलाला जुलैत शाळेत आणू शकत नाही.

पैसा लागेल तो हंगामी वसतिगृहांना. आईवडील तोडीला गेल्यावर मूल आजीजवळ राहावे, त्याच्या जेवणाची सोय गावातच व्हावी आणि शाळा सुटू नये, ही ती योजना. सक्तीने कोणाचे मूल ठेवून घ्यावे असे मी म्हणत नाही. पण खात्री असेल तर पुष्कळ आया मुलांना मागे ठेवायला तयार असतात. दरवर्षीचे दुखणे असे, की प्रस्ताव, मंजुरी आणि निधी या वाटेने जेवण सुरू होईपर्यंत कुटुंब निघून गेलेले असते. वास्तविक कोण जाणार आहे हे कोणापासून लपलेले नसते. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतली जाते आणि कोणत्या घरात किती कोयते (ऊसतोडीच्या जोड्या) आहेत, हे गावात सर्वांना ठाऊक असते. शाळा व्यवस्थापन समितीने ऑगस्टमध्ये ही यादी केली, मुख्याध्यापकांनी त्याच महिन्यात प्रस्ताव दिला आणि पंचायत समितीने गणेशोत्सवापूर्वी तो वर पाठवला, तर दिवाळीच्या आधी चूल पेटू शकते. जी मुले तरीही जातील त्यांच्याबरोबर दुसऱ्या गावच्या शाळेत बसण्यासाठीचे शिक्षण हमी कार्ड द्यावे आणि ते महाराष्ट्रातील दुसऱ्या जिल्ह्यात चालते, त्याप्रमाणे गुजरातेतील शाळेतही मानले जावे यासाठी दोन्ही राज्यांच्या शिक्षण विभागांनी बोलणी करावीत. सीमेपलीकडे मुलाला गुजराती माध्यमात बसावे लागते, ही अडचण आहेच. अमळनेरमध्ये साने गुरुजींचे नाव घेतल्याशिवाय शिक्षणावरचे भाषण पुरे होत नाही. ते प्रताप हायस्कूलमध्ये शिकवीत होते तसेच छात्रालयातील मुलांबरोबर राहतही होते. वसतिगृह हा शिक्षणाचाच भाग आहे, हे यावरून तरी अधिकाऱ्यांना पटावे.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. १६ जूनच्या अंकात गुलाबपुष्प देऊन स्वागत केल्याची छायाचित्रे आपण छापालच. त्याबरोबर ऑगस्टअखेर तालुकानिहाय हंगामी वसतिगृहांचे किती प्रस्ताव गेले, किती मंजूर झाले आणि जेवण कोणत्या तारखेला सुरू होणार, याची माहिती तिन्ही जिल्हा परिषदांकडून मागवून ती छापावी, आणि दिवाळीनंतरच्या आठवड्यात ती पुन्हा छापावी.

आपला,
एक निवृत्त केंद्रप्रमुख,
चोपडा (जि. जळगाव)